चिलीम कां झोंबते ?

हंगामांत गुऱ्हाळावर एक रात्र काढलेल्या कोणाही शेतकऱ्यास पुढील प्रसंग ओळखीचा वाटेल. काहील उतरण्यास अजून अवकाश असतो. चुलवाणाजवळ ऊब असते. गुळव्या कमरेची चंची सोडतो, तंबाखूची चिमूट तळहातावर मळतो, चिलमींत खडा टाकून ती भरतो, छापी भिजवून व पिळून खालच्या तोंडाशीं गुंडाळतो आणि निखारा वर ठेवून पहिला झुरका घेतो. चिलीम हातोहात फिरूं लागते. तिसऱ्या-चौथ्या माणसाजवळ ती गेली कीं तो तोंड वाकडें करून म्हणतो, “आज लई झोंबतीया.” मग कोणी तंबाखूला दोष देतो, कोणी चिलमीला, कोणी निखाऱ्याला, तर कोणी भरणाऱ्याच्या हाताला. खरें कारण कोणतें हा प्रश्न मात्र तसाच राहतो, आणि तेवढ्यांत काहील उतरते.

बारामती व इंदापूर या तालुक्यांत आतां गुऱ्हाळें पूर्वींइतकीं राहिलीं नाहींत. बहुतेक ऊंस कारखान्याच्या काट्यावर जातो. चिलीमही मुख्यतः वृद्धांच्या हातीं उरली आहे. औद्योगिक वसाहतींत पाळीवर जाणारे आमचे तरुण विडी, सिगारेट किंवा पुडी जवळ बाळगतात, आणि एखादा हौशी गृहस्थ विलायती घाटाचा लांकडी पाइप ओढतांना दिसतो. साधन बदललें तरी ओढणाराची तक्रार तीच आहे : जीभ भाजते, टाळूस झोंबतें, दुसऱ्या दिवशीं भाकरीची चव लागत नाहीं. हा प्रश्न वरवर चैनीचा दिसतो. परंतु दोन कारणांसाठीं तो शेतीच्या मासिकांत घेण्यासारखा आहे. झोंबण्याचें मूळ पुष्कळ अंशीं शेतांत व पीक वाळविण्याच्या खळ्यांत असतें, हें पहिलें कारण. दुसरें कारण अधिक गंभीर आहे. जीभ न भाजतां धूर ओढण्याची युक्ति साधली म्हणजे सर्व साधलें, असा जो समज आहे तो खरा नाहीं. तो कां खरा नाहीं हें शेवटीं सांगितलें आहे, आणि वाचकांनीं लेख तेथवर वाचावा अशी विनंति आहे.

तंबाखू इकडे कशी आली

तंबाखू ही मूळची अमेरिका खंडांतील वनस्पति. पोर्तुगीज लोकांनीं ती सोळाव्या शतकांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणली आणि तेथून ती दक्षिणेच्या दरबारांत पोंचली. अकबर बादशहाचा असदबेग नांवाचा एक अधिकारी वकिलीच्या कामासाठीं विजापुरास गेला होता. इ. स. १६०४ च्या सुमारास परत जातांना त्यानें तेथील तंबाखू आणि जडावाच्या कामाची एक सुंदर चिलीम बादशहासाठीं नेली. ही हकीकत त्यानें स्वतः लिहून ठेवली आहे. बादशहानें दोन-चार झुरके घेतले. तोंच हकीम पुढें झाला आणि या नव्या पदार्थाची परीक्षा कोणीं केलेली नाहीं असा आक्षेप त्यानें घेतला. बादशहानें पुढें सवय लावून घेतली नाहीं. परंतु सरदारांनीं मात्र ती उचलली आणि थोड्याच वर्षांत व्यापाऱ्यांनीं उत्तरेंत तंबाखूचीं दुकानें मांडलीं. १६१७ सालीं जहांगीर बादशहानें धूम्रपानास मनाई करणारा हुकूम काढला. तो फारसा चालला नाहीं. या गोष्टींत पहिल्या दिवसापासूनच ओढणारा, मना करणारा वैद्य आणि हुकूम काढणारा राजा असे तिघे हजर आहेत, आणि तिघांत पहिलाच आजवर जिंकत आला आहे.

आपल्या दोन तालुक्यांत तंबाखू हें महत्त्वाचें पीक नाहीं. मराठी मुलखाच्या दक्षिण सीमेवर, निपाणीच्या आसपासच्या काळ्या रानांत, विडीची तंबाखू होते. गुजराथेंत आणंद व खेडा या भागांत होते. आणि सिगारेटची पिवळी तंबाखू आंध्रांत गुंटूरकडे होते. या पिकाच्या दराशीं शेतकऱ्याचें जीवित कसें बांधलेलें असतें हें १९८१ सालच्या निपाणीच्या आंदोलनानें सर्वांस दाखविलें. योग्य दर मागण्यासाठीं रस्त्यावर बसलेल्या कांहीं शेतकऱ्यांना त्यांत गोळीबारानें प्राण गमवावे लागले. म्हणून पुढें तंबाखूच्या दोषांविषयीं जें लिहिलें आहे तें पिकविणाराला दोष देण्यासाठीं नव्हे, हें आधींच सांगतों.

जीभ दोन रीतींनीं भाजते

ओढणाऱ्याची जीभ दोन रीतींनीं भाजते : एक विस्तवानें आणि दुसरी क्षारानें. या दोहोंचे उपाय निरनिराळे असल्यामुळें भेद नीट समजून घेतला पाहिजे.

विस्तवाचा चटका म्हणजे मुख्यतः वाफेचा चटका. तव्याजवळ आपण हात क्षणभर धरूं शकतों. परंतु उकळत्या भांड्याच्या तोंडावरील वाफेंत तो धरवत नाहीं. वाफ थंड वस्तूला लागली कीं तिचें पाणी होतें, आणि पाणी होतांना तिच्या पोटांतील सारी उष्णता त्या वस्तूंत शिरते. तंबाखू ओली असेल तर धुराबरोबर हीच वाफ जिभेवर येते. शिवाय तंबाखू कितीही कोरडी असली तरी जळण्याच्या क्रियेनेंच कांहीं पाणी उत्पन्न होतें. म्हणून जो मनुष्य घाईनें, भात्यासारखे झुरके मारतो, त्याची जीभ कोणत्याही तंबाखूनें भाजणारच. अशा चटक्याची खूण अशी, कीं तो जिभेच्या शेंड्यावर व मध्यावर, जेथें धुराचा झोत आदळतो तेथें, बसतो आणि एक-दोन दिवसांत निवतो.

क्षाराचा चटका निराळा. तंबाखूच्या पानांत निकोटिन नांवाचें विषारी द्रव्य असतें. तें स्वभावतःच क्षारधर्मी आहे. पानांतील नत्रयुक्त पदार्थ जळले कीं अमोनिया निघतो. गोठ्यांत सकाळीं दार उघडतांच जो वास डोळ्यांत जातो तोच हा वायु. ज्या धुरांत अमोनिया अधिक, तो धूर क्षारधर्मी होतो. क्षारधर्मी धुरांतील निकोटिन मोकळें होऊन तोंडाच्या नाजूक त्वचेंतूनच रक्तांत शिरतें. चुना अधिक झालेला विडा जसा तोंड सोलून काढतो, तसाच हा प्रकार आहे. चिरूट व काळी चिलमी तंबाखू यांचा धूर या जातीचा असतो. उलट, भट्टींत वाळविलेल्या पिवळ्या पानांत साखर पुष्कळ असते. साखर जळून अम्लें तयार होतात आणि तो धूर किंचित् आंबट, म्हणजे अम्लधर्मी, राहतो. तो जिभेला क्षारासारखा टोंचत नाहीं; पण तो भराभर ओढला जातो व गरम लागतो, म्हणून पाइपांत केवळ पिवळें पान ओढणारांची जीभही भाजतेच. एकंदरींत कोणतेंही पान घ्या, हळूं ओढणें हा पहिला नियम सुटत नाहीं.

मूळ शेतांत

पान झोंबणारें होणें किंवा सौम्य होणें याचा अर्धा निकाल शेतांतच लागतो. जाड, काळ्या, ओलावा धरणाऱ्या जमिनींत पान जाड, गडद आणि जोरदार येतें. हलक्या वाळूसर जमिनींत तें पातळ व सौम्य येतें. नत्राचें खत अधिक दिलें तर पान हिरवेंगार व मोठें दिसतें, परंतु त्यांत निकोटिन व इतर नत्रयुक्त द्रव्यें वाढतात, तें उशिरा पिकतें आणि धूर कडक होतो. झाडाचा शेंडा खुडून बगलेचे फुटवे वरचेवर काढले म्हणजे झाडाचें सारें बळ थोड्या पानांत उतरतें. विडीच्या तंबाखूला हें जाणूनबुजून करतात, कारण तेथें गिऱ्हाईकाला जोरच हवा असतो. वरच्या पानांत जोर अधिक, खालच्यांत कमी. अपक्व पान तोडलें तर तें नीट पिवळें होत नाहीं, आणि हिरवटपणा राहिलेलें पान ओढतांना कडू लागतें.

आमच्या वाचकांना विशेष जवळची गोष्ट क्लोरिनाची आहे. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या भागांत सुरू झाला, आणि पाणी मुबलक मिळूं लागल्यावर खोलगट रानांत खार वर आली. चोपण व खारवट रानें बारामती-इंदापुराला नवीं नाहींत. खारींत व खाऱ्या विहिरींच्या पाण्यांत मिठाच्या रूपानें क्लोरिन असतें, आणि तंबाखूचें झाड तें हावरेपणानें शोषून घेतें. पानांत क्लोरिन शेंकडा २ च्या वर गेलें कीं पान नीट जळत नाहीं. तें हवेंतील ओल ओढून घेतें, विस्तव धरीत नाहीं, मधूनमधून विझतें आणि ओढणारा तें पेटतें ठेवण्यासाठीं जोरानें ओढूं लागतो. जोरानें ओढलें कीं जीभ भाजली. याच कारणास्तव तंबाखूच्या पिकास पालाश द्यावयाचें तें म्युरिएट ऑफ पोटॅशच्या रूपानें देत नाहींत, कारण त्यांत क्लोरिन असतें. सल्फेट ऑफ पोटॅश देतात. पालाश भरपूर असलेलें पान मंद व अखंड जळतें आणि त्याची राख पांढरी पडते. राख काळी व खड्यासारखी राहिली तर पान नीट जळलें नाहीं असें समजावें. ही खूण गुऱ्हाळावरील म्हाताऱ्यांना ठाऊक असे. तिचें कारण मात्र खतांच्या व जमिनीच्या हिशेबांत सांपडतें. तंबाखू न लावणाऱ्या शेतकऱ्यानेंही एवढें घ्यावें, कीं एकाच पालाशाचीं दोन खतें पिकाच्या गुणांत केवढा फरक पाडतात.

वाळवण आणि मुरवण

उरलेला अर्धा निकाल वाळवणींत लागतो. कापलेलें पान लगेच मरत नाहीं. कांहीं दिवस त्याचा श्वासोच्छ्वास चालूच असतो. पान सावकाश वाळूं दिलें तर तें आपली साखर स्वतःच खाऊन टाकतें, आणि उरतो तो नत्राचा भाग. म्हणून सावलींत हळूं वाळलेलें काळें पान क्षारधर्मी धूर देतें. गुंटूरच्या भट्टींत उलट करतात : प्रथम मंद उष्णतेवर पान पिवळें होऊं देतात आणि मग उष्णता पायरी-पायरीनें वाढवून पांच-सहा दिवसांत तें वाळवून टाकतात. पिवळेपण आलें कीं जीव थांबवला; साखर आंत अडकली. निपाणीकडे पीक उन्हांत वाळवितात आणि मग ढीग लावतात.

ढिगाचें काम शेणखताच्या उकिरड्यासारखें चालतें. आंत उष्णता वाढते, अमोनिया व इतर उग्र वायु उडून जातात, कच्चा वास मरतो. ढीग फार तापला तर पान करपतें. मुळींच तापला नाहीं तर कच्चेपणा राहतो. म्हणून तो वेळोवेळीं मोडून पुनः लावावा लागतो. यानंतर वर्ष-दोन वर्षें मुरलेली तंबाखू नव्या तंबाखूपेक्षां निश्चित सौम्य असते. नव्या पिकाची तंबाखू घाईनें विकत घेऊन ओढणारा मनुष्य, जुनें तांदूळ सोडून नवे शिजवणाऱ्याइतकाच पस्तावतो.

गुळाचा उपयोग

गुळाच्या मुलखांतील आपल्या वाचकांना गुडाकूची गोष्ट रंजक वाटेल. गुडगुडींत ओढण्यासाठीं तंबाखू कुटून तिच्यांत गूळ किंवा काकवी मिसळून मळीत, तोच गुडाकू. अनुभवानें शोधलेल्या या युक्तीचा आधार वर आलाच आहे. गुळांतील साखर जळून अम्लें देते, तीं अमोनियाचा क्षार मारतात आणि धूर मवाळ होतो. शिवाय गूळ ओल धरून ठेवतो, त्यामुळें तंबाखू भगभगत नाहीं. परदेशांतील पाइपाच्या तंबाखूलाही साखरेचा पाक, मध किंवा फळांचे अर्क लावतात. तत्त्व आपल्या गुडाकूचेंच आहे. मात्र गूळ फार झाला कीं तंबाखू चिकट व ओली होते आणि क्षाराचा चटका जाऊन वाफेचा चटका येतो. एक विंचू काढून दुसरा सोडल्यासारखें तें होतें.

चिलीम, पाइप आणि गुडगुडी

चिलीम हें मातीचें साधें यंत्र आहे. माती सच्छिद्र असल्यामुळें ती धुरांतील कांहीं पाणी व कीट शोषून घेते; लांब चिलमींत धूर थोडा निवतो; खडा राख व तंबाखूचे कण अडवितो; ओली छापी धूर गार करते. या चारही गोष्टी तेव्हांच उपयोगी पडतात, जेव्हां त्या स्वच्छ असतात. कीट सांचलेल्या चिलमींत नव्या तंबाखूबरोबर जुनें कीटही तापतें आणि तो कडू, काळा रस जिभेवर येतो. खडा फार घट्ट बसला तर जोरानें ओढावें लागतें, आणि फार सैल असला तर निखाऱ्याची ऊब सरळ तोंडांत येते. बाभळीचा फुललेला निखारा फार तीव्र असतो. त्यापेक्षां गोवरीचा राखेनें झांकलेला विस्तव मंद चालतो.

लांकडी पाइपाचें तोंड भूमध्य समुद्राकांठच्या एका झुडुपाच्या मुळावरील गांठीचें करतात. त्याला ब्रायर म्हणतात. हें लांकूड सहज जळत नाहीं व ओल शोषतें. आंत साधारण एका जाड पुठ्ठ्याइतका कोळशाचा थर जमूं द्यावा, म्हणजे लांकडाला झळ लागत नाहीं. त्याहून जाड झाल्यास खरवडावा. एकदां ओढलेला पाइप निदान एक दिवस सुकूं द्यावा. ओलसर पाइप पुनः भरणें हें जीभ भाजण्याचें फार मोठें कारण आहे.

गुडगुडीचें पाणी धूर गार करतें, हें खरें. त्यावरून लोक समजतात, कीं पाणी धूर शुद्धही करतें. तें चूक आहे. कोळशाच्या विस्तवापासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु पाण्यांत अडकत नाहीं, आणि धूर गार लागतो म्हणून ओढणारा तास-तासभर बसून चिलमीपेक्षां पुष्कळ अधिक धूर आंत घेतो.

ओढण्याची रीत

जो ओढतोच, त्यानें निदान पुढील गोष्टी पाळाव्या.

तंबाखूची ओल चिमटींत पाहावी. दाबून सोडलेली चिमूट हळूं हळूं उमलली तर ओल योग्य. गोळा तसाच राहिला तर ती ओली, कागदावर थोडा वेळ पसरून ठेवावी. चुरा झाला तर ती फार सुकली, ती भगभगून जळेल. भरतांना तळाशीं सैल आणि वर किंचित् दाबून भरावें. भरल्यावर न पेटवतां ओढून पाहावें, हवा सहज आली पाहिजे. प्रथम वरचा थर पेटवून घ्यावा. तो फुगून वर येतो, तो हलकेंच दाबावा आणि पुनः पेटवावा. यानंतर इतकें सावकाश ओढावें, कीं विस्तव विझतो कीं काय असें वाटावें. विझला तर विझूं द्यावा. पुनः पेटविण्यांत कमीपणा नाहीं. चिलमीचें अंग हाताला धरवेनासें झालें, कीं ती खालीं ठेवावी. हाताला जें सोसत नाहीं तें जिभेला काय सोसणार? तळाचा ओला भाग ओढूं नये, टाकून द्यावा. उपाशीपोटीं ओढूं नये. मधूनमधून साध्या पाण्याचा घोट घ्यावा. जीभ सोलली असतांना तिखट, चुना व दारू वर्ज्य करून ती पूर्ण बरी होईतों चिलीम बंद ठेवावी.

आणि एक गोष्ट : चिलीम फिरवूं नये. एकाची छापी दहा जणांच्या मुठींतून व ओंठांजवळून जाते. क्षयासारखे रोग अशा बैठकींत पसरण्यास वाव मिळतो. आतिथ्य दाखविण्यास चहाचा पेला पुरेसा आहे.

जीभ गप्प झाली म्हणजे काय ?

येथवर वाचून एखाद्यास वाटेल, कीं आतां धूर सुखाचा झाला. याच ठिकाणीं आम्हांस वाचकांचा हात धरून थांबवावयाचें आहे.

आमचे थोरले चुलते चिलीम भरण्यांत वाकबगार होते. वर सांगितलेलें सर्व त्यांना न शिकतां येत होतें. त्यांची छापी रोज धुतलेली असे, चिलीम ते आठवड्यांतून एकदां विस्तवांत लाल करून कीट जाळून काढीत, तंबाखू जुनीच घेत. तरुणपणीं त्यांची जीभ भाजे. उतारवयांत भाजेनाशी झाली. ते अभिमानानें म्हणत, “जीभ आता सरावली बघ. पयल्यासारखी पोळत न्हाई.” जिभेच्या कडेला एक पांढरा चट्टा पडला होता, तो दुखत नव्हता, म्हणून त्याची कोणी पर्वा केली नाहीं. पुढें त्यास चीर पडली. काथ लावला, मध लावला, साजूक तूप लावलें. ऊंसतोडीचा हंगाम होता. “तोड आटपली कीं जाऊं” असें म्हणतां म्हणतां चार महिने गेले. मुंबईस नेलें तेव्हां डॉक्टरांना जिभेचा मोठा भाग काढावा लागला. ते वांचले. परंतु नंतर त्यांचें बोलणें घरच्यांशिवाय कोणास कळत नसे, आणि ज्या गुऱ्हाळावर त्यांच्या गोष्टी ऐकण्यास माणसें जमत, तेथें ते मुकाट्यानें बसून राहत. चिलीम मात्र त्यांनीं स्वतःच्या हातानें विहिरींत टाकली.

जीभ सरावली नव्हती. तिची त्वचा जाड होऊन मेली होती. राखणदार भुंकेनासा झाला, म्हणून चोर गेला असें होत नाहीं.

वैद्यकास ही गोष्ट फार दिवसांपासून ठाऊक आहे. १७९५ सालींच सोमरिंग नांवाच्या जर्मन शारीरशास्त्रज्ञानें पाइप ओढणारांच्या ओंठांस कर्करोग होतो असें नमूद केलें होतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें १९८६ सालीं, पाइपाचा धूरही तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगास कारण होतो असा निर्वाळा दिला. गोव्यांत व आंध्रांत कांहीं स्त्रिया पेटतें टोंक तोंडांत धरून धूम्रपान करीत. त्यांच्या टाळूवर याच धुराचे व उष्णतेचे व्रण व कर्करोग आढळले. आपल्याकडे मुंबईचें टाटा रुग्णालय १९४१ पासून हे रोगी पाहत आहे. आणि इंदापुराच्या पूर्वेस असलेल्या बार्शी येथें १९८७ पासून खेड्यांतील कर्करोगाची नोंद ठेवली जात आहे. हा केवळ शहरांचा रोग आहे असें आतां कोणासही म्हणतां येणार नाहीं.

याहून सूक्ष्म धोका सौम्य धुराचा आहे. क्षारधर्मी धूर झोंबतो म्हणून ओढणारा तो तोंडांतच ठेवून सोडून देतो. त्याला निकोटिन तोंडांतूनच मिळतें. सौम्य, अम्लधर्मी धुरांतील निकोटिन तोंडांत शोषलें जात नाहीं. म्हणून तो छातींत ओढावा लागतो, आणि झोंबत नसल्यामुळें ओढतांही येतो. सिगारेट जगभर पसरली ती या सुखामुळें. जिभेची तक्रार मिटली आणि फुप्फुसावर फिर्याद गेली. १९५० सालीं इंग्लंडांत व अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या संशोधनांनीं सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध उघड केला, तोंवर सबंध एक पिढी त्या सुखाची किंमत देऊं लागली होती. म्हणून कोणी दुकानदार “ही मुळींच झोंबत नाहीं” असें सांगूं लागला, तर ती शिफारस न समजतां सूचना समजावी.

काय करावें

चिलीम ओढणाऱ्या प्रत्येकानें महिन्यांतून एकदां आरशासमोर, चांगल्या उजेडांत, आपलें तोंड तपासावें. जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा व खालची बाजू, गालांची आंतली बाजू, हिरड्या व टाळू पाहावी. पांढरा किंवा तांबडा चट्टा, गांठ, न भरणारा व्रण, तोंड पूर्वींइतकें न उघडणें किंवा गिळतांना अडखळणें, यांपैकीं कांहींही दोन आठवड्यांवर राहिलें तर दुखत असो वा नसो, डॉक्टरांकडे जावें. न दुखणें हें चांगलें लक्षण नव्हे, हें लक्षांत ठेवावें. तोडीसाठीं, पाण्याच्या पाळीसाठीं किंवा लग्नासाठीं थांबूं नये. वेळेवर सांपडलेला हा रोग पुष्कळदां पूर्ण बरा होतो.

सोडूं इच्छिणारानें लाजूं नये. प्रथमचे कांहीं दिवस चिडचिड होते, झोंप लागत नाहीं, हात चंचीकडे जातो. निकोटिनाची ही ओढ आहे, स्वभावाचा दोष नव्हे. पहिले दोन-तीन आठवडे काढले कीं ती ओसरूं लागते. सरकारनें सोडविण्यास साहाय्य करणारा विनाशुल्क दूरध्वनि ठेवला आहे. त्याचा क्रमांक १८००-११-२३५६ असा आहे. चिलीम सोडून पुडी किंवा मशेरी धरणें म्हणजे सोडणें नव्हे, हेंही येथें सांगून ठेवतों.

जमीन खारवली कीं पीक आधीं पिवळें पडून आपल्याला सांगतें. शहाणा शेतकरी तेव्हांच चर खणतो. पिवळेपणा दिसूं नये म्हणून पानांस रंग लावीत नाहीं. जिभेचें झोंबणें हें तसेंच सांगणें आहे. धूर सौम्य करण्याच्या रीती आम्हीं वर दिल्या त्या ज्ञानासाठीं; परंतु ज्याची जीभ अजून झोंबते, तिला सरावूं न देतां, तिचें ऐकण्याची संधि त्याला अजून आहे. आमच्या चुलत्यांची जीभ झोंबत होती तेव्हां त्यांनाही ती होती.